केराबाईचा फॉर्म

१० नोव्हेंबर, सोमवार
दहावीचे बोर्डाचे फॉर्म आले. 'माझ्या नावाची गोष्ट' निबंध तपासून संपवला. दरवर्षी देते, दरवर्षी करमणूक. हियांशी, क्रितिषा, रुवी. अर्थ काय, तर तिघींचाही लक्ष्मी. मोबाईलवर कुठलंही नाव टाका, लक्ष्मीच निघते. अंतकलाने मात्र खरं लिहिलं: 'मी चौथी. आता बस म्हणून अंतकला. माझ्यानंतर अजून दोघी झाल्या.' दहापैकी नऊ.
केराबाईची वही कोरी.

११ नोव्हें.
केराला मधल्या सुट्टीत बोलावलं. वर्गात पहिली, गणितात तर मलाही गप्प बसवेल. निबंध का नाही?
"काय लिव्हू मॅडम? नावातच दिसतंय की."
पोरं वर्ग झाडताना मुद्दाम हिच्या नावाने ओरडतात म्हणे. डोकंच फिरलं माझं. चोवीस वर्षं मुलींच्या नावांची वही ठेवते आहे, मला विचारायची गरजच नाही. मुलगी नको होती, कचरा म्हणून मोकळे झाले.
ठरलं. फॉर्म जायच्या आत नाव बदलायचं. दहावीच्या सर्टिफिकेटवर एकदा छापलं की मग बसा बीडच्या चकरा मारत. तीन नावं सुचवली. तिने 'कीर्ती' घेतलं. वहीच्या मागच्या पानावर सहा वेळा लिहून पाहिलं.

१२ नोव्हें.
अर्जावर आईबापाची संमती लागते. दोघंही ऊसतोडीला, पार कर्नाटकात. आईला फोन लावला. मी तावातावाने, ती एकदम शांत.
"सही देते की मॅडम. पर आदी शेवंताला इचारा. पोरगी तिची हाय."
शेवंता म्हणजे यांच्या शेजारची बांगड्यावाली. आईबाप तोडीवर गेले की केरा तिच्याकडेच राहते. म्हणजे नावही कचऱ्याचं आणि पोरगीही दुसऱ्याच्या गळ्यात! उद्या-परवा गाठते बाईला. सोडत नाही.

१४ नोव्हें., शुक्र.
वडवणीच्या बाजारात शेवंताला गाठलं. एका बाईचा हात धरून बांगड्या भरत होती. चार जणींसमोर विचारलं, पोरीला केर म्हणताना काही वाटलं नाही?
"वाटलं की. लई भ्या वाटलं." हातातला हात सोडला नाही. "हिच्या आदी दोन लेकरं गेलती. दोन्ही तोडीवर, पाचटाच्या कोपीतच. ही झाली तशी आईनं उचलून अंगणातल्या केरावर ठिवली अन् पाठ करून हुबी ऱ्हायली. म्या उचलली. पसाभर जवारी दिली तिच्या आईला, म्हनलं ही माझी, केरात घावली. मरनाला वाटावं कचराच हाय, न्हेऊन काय करावं. टाकली न्हाई मॅडम. लपवली."
पोरीला का नाही सांगितलं, मी विचारलं.
"सांगितलं की गुन जातो. लगीन झालं, सासरच्यांनी नाव बदललं, मंग सुटली."
मग मलाच विचारलं, "तुमी शिकलेल्या. आताच बदललं तर काय हुनार न्हाई ना?"
"काही होणार नाही," ठणकावून सांगितलं. आणि पोरीला हे सगळं कळलंच पाहिजे, हेही.
निघताना एक डझन हिरव्या भरून घेतल्या.

१५ नोव्हें.
सरळ लिहिते. चुकले. दगडू, धोंडू, केरू ही नावं मुलांना का ठेवतात ते मला पाठ आहे, वर्गात दहादा सांगितलंय. मुलगी जगावी म्हणून कोणी एवढं करेल, हे मात्र माझ्याच मनात आलं नाही. आणि म्हणे मला विचारायची गरज नाही. लाज वाटली स्वतःची.
तरी पोरीला हवं असेल तर नाव बदलायचंच. त्यावर ठाम आहे.

१७ नोव्हें., सोम.
शेवंताने काल तिला सांगितलं. केरा डोळे सुजवून आली, पण ताठ. झाडणारी पोरं ओरडली तर वळून म्हणाली, "मरन येऊन परत गेलंय मला बघून. तुमी कोन बे?"
पोरगी 'बे' म्हणते! रागवायला हवं होतं. नाही रागावले.

१८ नोव्हें.
फॉर्मची उद्या शेवटची तारीख. आईबापाचं संमतीपत्र आलंय. शाळा सुटल्यावर केराला स्टाफरूममध्ये बसवलं. सगळा फॉर्म भरला, वळणदार अक्षरात. नावाचा रकाना तेवढा रिकामा.
"शेवंतामावशी म्हनली, फारमावर काय बी लिव्ह, मी केराच म्हननार."
मग चांगलंच की, म्हटलं. दोन्ही राहतील. लिही कीर्ती.
पेन टेकवलं, उचललं. "मॅडम, लग्नाच्या आदी तुमचं नाव काय व्हतं?"
गोजर. लग्नात ताटातल्या तांदळावर सुनंदा लिहिलं, तेव्हापासून सुनंदा.
"आता गोजर कोन म्हनतं?"
"कोणी नाही. आई होती तोवर म्हणायची."
तिने पेनचं टोपण लावलं. "उद्या देते," म्हणाली, आणि फॉर्म दप्तरात घालून गेली.
काय लिहून आणेल, सांगता येत नाही. मी काही शिकवणार नाही. हेडसरांना सांगितलंय, एक फॉर्म उद्या बारापर्यंत थांबेल.
घरी येऊन नावांची वही काढली. दोनशेवर नावं, त्यात गोजर नव्हतंच. आज लिहिलं. अर्थ: गोजिरी, लाडकी. कोणी ठेवलं, का ठेवलं: आईला विचारायचं राहून गेलं.