मांडवात न वाजलेला बाजा

प्रिय आप्पा,

परवा तुमचं वर्षश्राद्ध झालं. डोंगरकड्याहून साखऱ्याला परत आल्यापासून मी तीनदा कागद पुढ्यात घेतला आणि तीनदा काहीतरी काम काढून उठले. आज शाळेला सुट्टी आहे, पोरगी शेजारी खेळायला गेली आहे, स्वयंपाक झाला आहे. उठायला निमित्त उरलं नाही, तेव्हा सांगूनच टाकते.

माझ्या लग्नाच्या वेळी मी तुमच्याशी खोटं बोलले होते.

‘सासरकडून निरोप आलाय, मुलीच्या बापानं लग्नात बाजा वाजवलेला त्यांना चालत नाही,’ असं मी तुम्हाला म्हटलं होतं. आठवतं ना? असा निरोप कुणीही दिला नव्हता. मामंजींनी नाही, सासूबाईंनी नाही, यांनी तर नाहीच नाही. तो निरोप माझ्याच डोक्यातला होता. तुम्हाला सांगायची आठ वर्षं संधी होती, आणि दर सुट्टीत मी ‘पुढच्या खेपेला सांगू’ म्हणत राहिले. आता तुम्ही नाही, तर मोठी शूर होऊन कागदावर लिहिते आहे!

तुम्ही समोर असता तर काय म्हणाला असता, तेही मला ठाऊक आहे. ‘आधी चहा ठिव, मंग बोल.’

गेल्या महिन्यात पोरीनं विचारलं, ‘आई, आजोबा काय काम करायचे?’ मी सवयीनं म्हणाले, ‘शेती.’ तीन एकर कोरडवाहू आणि चार शेळ्या होत्या, म्हणजे खोटं नव्हतं. पण कळमनुरी तालुक्यात गणपत शेतकरी म्हणून तुम्हाला कोण ओळखत होतं? गणपत मास्तर म्हटलं की कुणीही घर दाखवायचं.

तुम्ही मिसरूड फुटायच्या आत नांदेडला जाऊन एका बँडमध्ये झांज वाजवायला लागलात. तिथले म्हातारे उस्ताद निजामाच्या काळात पोलिसांच्या बँडमध्ये होते म्हणे. त्यांचा दम संपला तेव्हा त्यांनी आपला सॅक्सोफोन तुमच्या हातात दिला. तो घेऊन तुम्ही गावी आलात आणि स्वतःची पार्टी उभी केलीत. गावात सॅक्सोफोन कुणी म्हणायचं नाही, सगळे ‘वाकडा बाजा’च म्हणायचे. पार्टी तरी कसली! सखाराम काका मेंढरं राखायचे आणि ट्रम्पेट फुंकायचे, बाकीचे दहा जण नांगर धरणारे. लग्नाच्या तिथी संपल्या की लाल कोट ट्रंकेत आणि बारा जण आपापल्या शेतात. नोटेशनचा कागद तुमच्यातल्या एकालाही वाचता येत नव्हता. तुम्ही तोंडानं चाल म्हणायचे आणि ते उचलायचे. कुणी चुकलं तर तुम्ही ओरडायचे नाहीत, फक्त फुंकायचं थांबून त्याच्याकडे बघायचे. सखाराम काका म्हणायचे, ‘त्यापरीस दोन शिव्या देत जा, मास्तर!’

आणि ती कॅसेट! नांदेडच्या बाजारातून तुम्ही आणलेली. वरच्या चित्रात टक्कल पडलेला एक गोरा, गळ्यात तुमच्यासारखाच बाजा आणि मागे त्याची पार्टी. मी आठवीत होते. तुम्ही म्हणालात, ‘नाव वाच बरं ह्याचं.’ अक्षरं इंग्रजी, पण काही अक्षरांच्या डोक्यावर दोन-दोन टिंबं. मला काही जमलं नाही. तुम्हीच मग त्याचं ‘गोरे मास्तर’ असं बारसं करून टाकलंत. ‘युरोपातला दिसतोय,’ मी शहाणपण केलं. तुम्ही म्हणालात, ‘आसंना का. त्याच्या बी तिथी आसतीलच की. त्याचा बी ढोलवाला दारू पिऊन येत आसंल.’

ती कॅसेट तुम्ही फीत झिजेस्तोवर ऐकलीत. त्यातली एक चाल उचललीत आणि एका परण्यात, नवरदेव मारुतीच्या देवळाकडे निघालेला असताना, दोन सिनेमाच्या गाण्यांच्या मध्ये घुसवलीत. घोडं बिचकलं, नवरदेवाचा मामा संतापला, ‘ओ मास्तर, हे काय वाजवून राहिले?’ आणि तुम्ही शांतपणे, ‘नवीन पिच्चर हाय, अजून हिकडं आला न्हाई.’ किती हसलो होतो आपण घरी!

तेव्हा मला तुमची लाज वाटत नव्हती. खरंच नव्हती. ती डी.एड.ला गेल्यावर शिकले. अभ्यासक्रमात नव्हती, तरी शिकले.

कळमनुरीत मैत्रिणींबरोबर रस्त्याच्या कडेला उभी होते आणि समोरून वरात आली. पुढे तुम्ही. लाल कोट घामानं काळा झालेला, गाल फुगलेले, आणि नाचणारं एक टोळकं तुमच्या टोपीत नोट खोचत होतं. एक मैत्रीण खिदळली, ‘त्या बाजावाल्याचे गाल बघ गं!’ मी पण हसले. आप्पा, मी पण हसले. तुम्ही मला पाहिलंत की नाही, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

मग हिंगोली जिल्हा झाला त्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. नवरा शिक्षक, सासर साखऱ्याचं, लग्नाला सगळे गुरुजी-बाई येणार. तुम्ही ओट्यावर बसून, बाज्याच्या तोंडाशी बसवतात त्या पातळ पत्त्या निवडत होता. एक नवी कोरी पत्ती उजेडात धरून म्हणालात, ‘ही तुझ्या लग्नाची. अंतरपाट पडला की गोऱ्या मास्तरचं वाजिवतो बग.’

त्यावर मी ते बोलले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

‘काहून चालत न्हाई?’ एवढंच तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, ‘त्यांच्याकडं बरं दिसत नाही म्हणे.’ तुम्ही पत्ती परत डबीत ठेवली. ‘बरं. न्हाई लावत हात.’ आणि वर मलाच समजावत बसलात, ‘सासरच्या मान्साचा राग धरू नको बाई. ज्याची त्याची रीत आसती.’ अहो, रीत कुणाची आणि राग कुणाचा! मी मान खाली घालून ऐकत होते, आणि तुम्हाला वाटलं पोरगी दुःखी झाली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः जाऊन लांबच्या गावची पार्टी ठरवून आलात. आपल्या पार्टीच्या अकरा जणांना इस्त्रीचे कपडे घालून पाहुणे म्हणून बोलावलंत. कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं तेच त्यांना सांगितलंत. सखाराम काकांनी त्या दिवसापासून माझ्या सासऱ्यांवर दात धरला.

आणि मांडवात काय झालं! आपल्याकडे मंगलाष्टकांना धरबंध नसतो. आत्या म्हणते, मावशी म्हणते, शाळेतले गुरुजी खिशातून चिठ्ठी काढून म्हणतात. म्हणून तुम्ही प्रत्येक लग्नात आधी विचारून घ्यायचे, ‘शेवटचं कोण म्हननार हाय?’ आणि मग त्या बाईच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. ‘मंगलाष्टक मोजायचं न्हाई, बाईकडं बघायचं,’ हा तुमचा नियम. तुमचा बाजा कधी अर्धा श्वास आधी वाजला नाही की नंतर वाजला नाही.

त्या पाहुण्या पार्टीनं मोजलं. त्यांच्याकडे पाचच म्हणायची रीत असावी. पाचवं ‘सावधान’ झालं आणि त्यांनी जो दणका उडवला! मंडळींनी मुठीतल्या होत्या नव्हत्या तेवढ्या अक्षता टाकल्या आणि निम्मा मांडव पंगतीकडे पळाला. इकडे अंतरपाट तसाच, मी हार धरून उभी, आणि यांच्या आत्याबाई माइक धरून रडकुंडीला आलेल्या, ‘अहो, माझं राहिलंय!’

मला तुम्ही कडेला बसलेले दिसत होता. त्यांच्या मास्तरनं तोंडाला बाजा लावला तेव्हाच तुम्ही त्याला थांबवायला हात वर केला होता. मग तो हात तुम्ही हळूच खाली घेतलात. शब्द दिला होता ना मला!

आत्याबाईंचं मंगलाष्टक झालं, भटजींनी ‘तदेव लग्नं’ म्हटलं, अंतरपाट पडला, आणि बाजा वाजलाच नाही. ती पार्टी मांडवामागे चहा पीत होती. ती शांतता मला आजही ऐकू येते. मग तुम्ही टाळ्या वाजवायला लागलात. तुमच्यामागून सखाराम काका, त्यांच्यामागून बाकीचे दहा. तालुक्यातले बारा सगळ्यांत चांगले वाजवणारे माझ्या लग्नात नुसत्या हातांनी वाजवत होते.

हे झालं माझं. आता परवाचं सांगते.

तुमच्या श्राद्धाला पंगतीत मामंजी पाणी वाढत होते. सखाराम काकांनी आपला पेला पालथा घातला. सगळ्यांनी पाहिलं. परतीच्या बसमध्ये मामंजी म्हणाले, ‘सुमन, ह्यो मानूस माझ्या हातचं पानी काहून पीत न्हाई? म्या त्याचं काय केलं?’ मी खिडकीबाहेर बघत राहिले. चोराच्या मनात चांदणं! मग ते आपल्याच नादात बोलत गेले.

‘मास्तर न्हवते आसे. लग्नानंतर पहिल्या पंचमीला तुला न्यायाला आले, तवा म्या इचारलं व्हतं. म्हनलं, मास्तर, कळमनुरीत तुमचा बाजा ऐकला तवाच ठरीवलं, सोयरीक करायची तर ह्याच घरी. लय इच्छा व्हती लग्नात ऐकायची. मंग लेकीच्या लग्नात तुमी गप काहून बसले? तू आत चहा करून राहिली व्हती, तिकडं बघितलं त्यांनी. मंग हसले अन् म्हनले, दाढ लय ठणकून राहिली व्हती पाव्हणं, फुंकता येत न्हवतं.’

दाढ! आप्पा, तुमची दाढ कधी दुखली हो? शेवटपर्यंत आख्खी सुपारी फोडायचे तुम्ही!

म्हणजे तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं. मी चहा घेऊन बाहेर आले, तेव्हा तुम्हाला माहीत होतं. बशीत ओतून निवांत प्यालात, साखर कमी आहे म्हणालात. मग आपण दोघं एसटीनं डोंगरकड्याला निघालो. हिंगोलीच्या स्टँडवर तुम्ही केळी घेतलीत, मला खिडकीची जागा दिलीत. सगळ्या वाटेत एकच विचारलंत, ‘सुखात हाईस न्हवं?’ मी ‘व्हय’ म्हणाले. तुम्ही म्हणालात, ‘मंग झालं.’

मला वाटायचं, बाप लेकीला विचारतोच तसं विचारलंत. आता कळतंय तुम्ही काय मिटवून टाकलंत ते.

पण भांडणार आहे मी तुमच्याशी. एक थोबाडीत का नाही दिलीत? आठ वर्षं माझ्या हातचं जेवलात, डीजे आल्यावर तिथी कमी झाल्या तरी ‘डीजेला बाई दिसत न्हाई’ म्हणून हसत राहिलात, आणि ही गोष्ट मात्र गिळून बसलात! सखाराम काकांनाही सांगितलं नाहीत. सांगितलं असतं तर त्यांनी माझ्या हातचं पाणी सोडलं असतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही लेकीला वाचवलंत आणि एका भल्या माणसाला बोल लागू दिलात. हे काही बरोबर नव्हतं तुमचं, आप्पा. माझ्यावरची माया म्हणून केलंत, तरीही नव्हतं. तुमची फार आठवण येते आणि तुमचा फार राग येतो. दोन्ही एकदमच येतं, काय करू?

मामंजींना मी अजून काही बोललेले नाही. आज संध्याकाळी ते शेतातून आले की त्यांना सांगणार आहे. येत्या रविवारी त्यांना घेऊन डोंगरकड्याला येते. पोरीलाही आणते, तिचे आजोबा कोण होते ते तिनं सखाराम काकांच्या तोंडून ऐकू दे. काकांच्या ओट्यावर बसून, सगळ्या पार्टीसमोर सांगेन की निरोप सासरचा नव्हता, माझा होता. काका शिव्या देतील. माझ्या हातचं पाणी सोडतील. सोडू देत, मामंजींच्या हातचं तरी पितील.

हा शब्द आहे माझा. आणि या वेळी मला सांभाळून घ्यायला तुम्ही तिथे नसाल, आप्पा. नाही तेच बरं आहे.

तुमची,
सुमन