रामेश्वर वाटेतच आहे

अहो,

भाकरी टोपल्यात आहेत, वांग्याची भाजी चुलीजवळ झाकून ठेवली आहे. मी बाळाला घेऊन नदीकाठी प्रकाशा गावाला जाते आहे. तुमच्या माय तिकडेच तापी नदीचं पाणी भरायला गेल्या आहेत.

आमच्यासोबत लंकेच्या सहलीला येता का असं त्यांना विचारलं आणि त्या नको म्हणाल्या, हे मी तुम्हाला खोटंच सांगितलं होतं. विचारलंच नव्हतं. रोज चालवतो त्या जीपला यंदा हात लावायचा नाही, रेल्वेनं, बोटीनं, तिथल्या बसनं निवांत फिरायचं, असं तुम्ही म्हणालात, तेव्हा चार दिवस डोक्यावर पदर नको, एवढंच माझ्या मनात आलं. गाडी रामेश्वराजवळून जाते, हेही त्यांच्यापासून लपवलं.

आज शेजारच्या रंजनाबाईंनी ओट्यावर टोकलंच, "तापीबाई, रामेश्वर वाटमाच शे, आनि सून तुले घर ठेवस?"

माय लगेच म्हणाल्या, "तिनी माले इचारं व्हतं वं. मीच नको म्हनं."

मी दारातच उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. लोटा घासला आणि निघताना एवढंच म्हणाल्या, "मन्हा नावनं रामेश्वरले पानी वाही देजो."

जीप घेऊन मागे येऊ नका, आम्ही बसनंच परतू. आज मी त्यांना खरंच विचारणार आहे. पण आता त्या नको म्हणाल्या, तर ते त्यांच्या मनातलं असेल की माझं खोटं खरं करायला म्हटलेलं, हे मला कसं कळावं?

हंसा