हत्तिणीच्या पोटातली जाळी

बाबा, तुमच्या हत्तिणीला मी कन्व्हर्टर बसवले. हो, तेच, ज्याला तुम्ही ‘जाळी’ म्हणायचात आणि गिऱ्हाइकांच्या गाड्यांतून सळईने फोडून काढायचात. रागावू नका, आधी ऐकून घ्या. तुमची हत्तीण, म्हणजे लाकडाच्या व्यापाऱ्याने दुरुस्तीला आणून टाकलेली आणि शेवटी तुम्हालाच देऊन टाकलेली ही आठ सिलिंडरची विलायती गाडी. आता तिला मसल कार म्हणतात आणि लोक तिचे फोटो काढायला येतात. मला फोटोंशी काही देणंघेणं नाही. आईला माहेरी, सिरोंच्याला जायचं आहे. तिची अक्का अंथरुणाला खिळली आहे आणि आईला तिला एकदा पाहायचं आहे. बसमध्ये आईचा दमा उसळतो. टॅक्सी करू म्हटलं तर ऐकत नाही. “मले त्याच गाडीत नेतो म्हणून त्यायनं कबूल केलं होतं,” एवढं एकच पालुपद. आणि ही गाडी सुरू केली की शेडमध्येच आईला ढास लागायची, मग आलापल्लीचं जंगल ओलांडून पुढे कशी न्यायची?

तेव्हा मला ती दुपार आठवली. मी शाळेतून येते, तुम्ही एका नव्या गाडीच्या धुराच्या नळीवरचा डबा फोडून बसलेले आहात आणि फरशीवर मधमाशीच्या पोळ्यासारखे राखाडी तुकडे पडले आहेत. मी एक उचलून डोळ्याला लावते. बारीक चौकोनी भोकं, त्यांतून पलीकडचा उजेड दिसतो. “हे काऊन काढलं?” “कचरा फसते त्याच्यात. गाडीचा दम कोंडते.” “मंग कंपनीनं काऊन घातलं?” “कंपनीले जाऊन इचार! चाल हट, डोळ्यात जाईन.” मी फुरंगटून स्वयंपाकघरात गेले. आई भाकरी थापत होती, गॅरेजकडची खिडकी बंद करून पदरात खोकत होती. जेवताना मात्र तुम्ही हातातला घास तसाच धरून म्हणालात, “पण काऊन घातलं असन वं?” ते मला फार आवडलं होतं. तुम्हालाही चैन पडत नव्हतं.

तर ऐका. त्या भोकांच्या भिंतींवर महागड्या धातूंचा लेप असतो. न जळता बाहेर पडणारं पेट्रोल, विषारी वायू, सगळं त्याला चाटून जाताना तिथेच जळतं. कचरा फसायला ती जाळी नव्हतीच, बाबा, ती चूल होती. मी ऊर्जानगरात वीजकेंद्राच्या चिमणीच्या धुरातली राख पकडणाऱ्या यंत्रावर काम करते, म्हणून वाटलं हे काम डाव्या हाताचं. कसलं काय! इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या धुराच्या नळ्या जोडून एकच मोठा कन्व्हर्टर लावावा, तर हत्तिणीचा तो दुहेरी घुमणारा आवाज जातो. म्हणून दोन घेतले, प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरांना पेलेल एवढे, मोठ्या भोकांचे, म्हणजे इंजिन गुदमरणार नाही. इंजिनाला अगदी चिकटून बसवले तर लवकर तापतात, पण तुमच्या आवडत्या कार्बोरेटरमधून पेट्रोल जरा जास्तच येतं, त्याने जाळी वितळण्याची भीती. म्हणून कार्बोरेटरचं पेट्रोल कमी केलं, आणि शहाणपणा करून दोन्ही कन्व्हर्टर मागे, मागच्या सीटखाली लावले.

चाचणीला मूल गावाच्या रस्त्याने गेले. मोहफुलांचे दिवस. एका झाडाखाली फुलं वेचता यावीत म्हणून कोणीतरी पाचोळा झाडून रस्त्याच्या कडेला त्याचा ढीग लावला होता. मऊ, सपाट जागा पाहून मी गाडी नेमकी त्या ढिगावर उभी केली आणि कौतुकाने आवाज ऐकत बसले. टोपली टाकून एक म्हातारी ओरडत आली, “ओ बाई! गाडी हटव! जंगल पेटवून राह्यली का?” खालून धूर निघत होता, तापलेले कन्व्हर्टर पाचोळ्याला टेकले होते. मी गाडी पुढे घेतली, तिने ओल्या फांदीने ढीग झोडपून विझवला. मागच्या सीटवर आई झोपलेली असती तर, हा विचार काही केल्या जाईना. म्हातारी मात्र वाकून गाडीखाली पाहत होती. “तुया गाडीच्या पोटात चूल हाये का?” हो म्हटलं, धूर जाळायची. “मंग राख कुठी पडते?” राख पडतच नाही, हे तिला काही पटेना. खरं सांगायचं तर राख पकडण्यात उमर गेलेल्या मलाही ते अजून नवलाचंच वाटतं. तुम्ही असतात तर आपण तिघांनी तिथेच वाद घातला असता.

मग दोन्ही कन्व्हर्टर पुढे आणले, जमिनीपासून उंच, खाली आणि वर पत्र्याचा आडोसा. काल आईला मागे बसवून गाडी सुरू केली. ती पदर नाकाशी धरून बसली, मग हळूच खाली घेतला. खोकली नाही. म्हणाली, “वासच नाई येऊन राह्यला. तुहे बाबा जेवाले आले का, न पाहता वासानंच समजे मले.” डोळे पुसले आणि माहेरच्या तेलुगूत म्हणाली, “पोदाम.” चला म्हणे, जाऊ. उद्या सकाळी निघतो आहोत.

हे लिहून झालं की फाडून टाकीन, तिच्या हाती लागायला नको. हत्तिणीचे जुने, काजळी धरलेले पाइप भंगारात दिले असं मी तिला सांगितलं आहे. एक दिलेला नाही. शेडमध्ये टायरांच्या मागे ठेवला आहे, आणि ती देवपूजेला बसली की मी जाऊन त्याच्या तोंडाशी नाक नेते. तिच्या छातीला तो वास सोसत नाही. मला मात्र तो हवाच असतो.