झटक्याची तार

६ ऑक्टोबर
आसनगावहून खर्डीला गाडीने, पुढे रिक्षाने. पहिली नोकरी, आणि खोलीच्या खिडकीतून पिवळं पडत आलेलं भात दिसतंय. मालक भगीरथशेठ स्वतः फाटकावर आले होते. शेताभोवती झटका मशीनची तार आहे, रानडुक्कर शिवलं की दचकून पळतं. खांबाखांबावरची यंत्रं तारेतला वीजदाब मोजून फाइलमध्ये टाकतात. त्या फाइली वाचून तार कुठे शिवली गेली ते दाखवणारा प्रोग्रॅम मी लिहायचा, आणि शेठना शिकवायचाही. स्वयंपाक करणाऱ्या हौसाबाई पलीकडच्या वाडीतल्या. भाकरी आणि सुकटीची चटणी वाढताना म्हणाल्या, "नम्रता, तारेला हात नको लावू गो. आमी पन नाय लावत."

७ ऑक्टोबर
जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली फुकट लायब्ररी, म्हणजे आयता लिहिलेला कोड, उतरवला. तिचा कोड उघडा असतो, कोणीही घ्यावा, बदलावा. प्रोजेक्टला जोडली, एका ओळीत फाइल वाचली आणि तक्ता समोर आला: वेळ, खांब, दाब. एका ओळीत दाबाच्या जागी काही भलतीच अक्षरं होती, त्यामुळे सगळे आकडे ती मजकूर समजत होती. ती ओळ काढली, मग सुरळीत. तार शिवली की दाब पडतो, म्हणून दाब पडलाय तेवढ्याच ओळी ठेव, असं सांगितलं. सुपात पाखडल्यासारखा बाकीचा कोंडा उडाला. शेठ शेजारी बसून प्रत्येक ओळ स्वतः लिहून बघत होते. फार लवकर शिकतात.

१० ऑक्टोबर
आज प्रोग्रॅम चालू तारेला जोडला, आणि शेठच्या सांगण्यावरून तारेतली वीज कमी-जास्त आणि बंद करणाऱ्या यंत्रालाही. दुपारी पडद्यावर लाल ओळ उमटली. आम्ही धावत गेलो. डुकरीण तारेला चिकटून मेली होती, मानेचं मांस करपलेलं, जीभ दातांत तुटलेली. झटका मशीनने जनावर मरत नाही. मी तसं म्हटलं. शेठ हसले. मशीन काढून थेट विजेच्या खांबावरची लाइन जोडलीय म्हणाले. बुटाने तिचं तोंड उघडून बघत राहिले.

११ ऑक्टोबर
शेठना आणखी एक गोष्ट हवी होती. कोणी चिकटून राहिलं तर प्रोग्रॅमने लाइन तोडू नये, उलट दाब वाढवावा. मी नकार दिला, घरी जाते म्हणाले. त्यांनी शांतपणे लॅपटॉप स्वतःकडे ओढला. प्रोग्रॅममध्ये ती अट त्यांनीच लिहिली. मी शिकवलेल्या ओळींतून.

१३ ऑक्टोबर
मंगळू गेला. हौसाबाईंचा भाऊ. त्यांचं वासरू आत शिरलं होतं, म्हणून त्याने तार उचलली.

मी स्विचकडे धावले. शेठने माझं मनगट पिरगाळलं, हाड वाजलं. मंगळूच्या हातांतून धूर येत होता. दात आपटून फुटत होते. पडद्यावर लाल ओळी थांबेनात, आणि शेठ त्या मोठ्याने मोजत होते. खाली पडल्यावर अजून हलत होता. शेठने फावड्याने —

चोर होता, एवढंच म्हणाले.

१४ ऑक्टोबर
फोन काढून घेतला. दाराला बाहेरून कडी. फाटकालाही तीच तार जोडलीय. लॅपटॉप आत टाकलाय, प्रोग्रॅम अडकतो तो नीट कर म्हणून.

खिडकीतून वाडीची माणसं दिसतायत, कोयते घेऊन फाटकाकडे येतायत. त्यांना माहीत नाही फाटकात लाइन आहे. मी ओरडले. ऐकू जात नाही.

अट उलटी केली. दाब पडला की बंद. डावा हात सुजलाय, एका बोटाने लिहिलं. चालवलं —

लाल ओळ उमटली, लाइन बंद झाली. पहिल्या माणसाने फाटक धरलं होतं, तो नुसता दचकला. आत आले.

शेठ पळाले. भातात गाठलं. कोयते वर जातायत, खाली येतायत. किंचाळणं थांबलं तरी —

आता इकडे येतायत. पुढे हौसाबाई. पदर लाल.

दारावर घाव. सांगतेय त्यांना, तार मीच बंद केली, मीच. हौसाबाईंचा आवाज, अगदी दाराशी: "ही पन रोज त्याच्या बाजूलाच बसायची."

फळी फुटली. हौसाबाई, ऐका, मी —