हवा स्वच्छ आहे, ताई

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकला असशील. पण फोनवर बोलायला माझा दम पुरत नाही. दोन वाक्यं झाली की खोकला मध्ये तोंड घालतो, आणि तेवढ्यात तू मीटिंग आहे म्हणून सुटतोस. म्हणून लिहितेय. नाकात ऑक्सिजनची नळी, मांडीवर उशी, आणि डोकं अगदी ठिकाणावर आहे.

लाँड्री विकली. नव्या मालकाने मागची खोली पाडली म्हणे. तिथेच मी कोट नि पडदे दोरीवर टांगून वेताच्या छडीने झोडायचे. कोरडी धूळ आधी झाडली नाही तर पाण्यात तिचा चिखल होतो आणि कापड वाया जातं, ही बाबांची शिकवण. चौकात स्फोट होऊन ती उंच इमारत खाली बसली, तेव्हा सगळी वस्ती माझ्याकडे कपडे घेऊन आली. पिठासारखी बारीक, राखाडी धूळ. माझी इस्त्रीवाली म्हणाली, मालकीणबाई, घसा जळतोय, थोडे दिवस दुकान बंद ठेवू या. मी म्हटलं, अगं, आरोग्य अधिकारी माझा सख्खा भाऊ आहे, कालच टीव्हीवर सांगितलंय त्याने. तुला फोनही केला होता. हवा स्वच्छ आहे, ताई, बिनधास्त उघड, असं म्हणालास. तुझाच कोट मी सगळ्यात आधी झोडला.

इस्त्रीवाली गेली, कळलं असेलच. स्फोटाच्या रुग्णांसाठी मोफत उपचार होते, पण रस्त्याच्या पलीकडच्यांनाच. आम्ही अलीकडचे, म्हणजे साध्या दम्याचे! ती हद्द तूच आखलीस. धुळीला काय, रस्ता ओलांडताना कुणाची परवानगी लागते? शेवटी शेवटी बिचारी बसल्या बसल्याच झोपायची. तिच्या लेकी मला अजून भेटायला येतात, तेव्हा मला त्यांच्या डोळ्यांत बघवत नाही.

तरी मी गप्प होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ. वाटायचं, पोराला माहीत नसेल, वरच्यांनी सांगितलं ते बोलला असेल. मग गेल्या आठवड्यात तुझी बायको भेटायला आली. साधीभोळी आहे रे ती. सफरचंद चिरता चिरता म्हणाली, यांना काळजी फार हो, स्फोटाच्या दुसऱ्याच दिवशी आम्हाला माझ्या माहेरी धाडलं, म्हणाले ही हवा पोरांच्या छातीत जाता कामा नये. मी फोड हातात घेऊन बसून राहिले. तिला वाटलं, मला कडू लागली.

बाँब ठेवणाऱ्यांना मी रोज शिव्या घालते. पण ते माझे कोणी नव्हते. तुला मी कडेवर घेऊन वाढवलंय. तू तुझी पोरं वाचवलीस आणि मला त्या धुळीत उभी केलीस, याला माझ्याकडे माफी नाही. सगळे म्हणतात, जाता जाता मन मोकळं करा, राग सोडा. राग सोडला तर मी आजच मरेन.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय, महिनाही निघणार नाही. पुढच्या महिन्यात स्फोटाची ती चौकशी समिती बसतेय, आणि तिथे तू पुन्हा सांगणार की अलीकडच्या कुणालाही धुळीने काही झालेलं नाही. खुशाल सांग. पण मी गेल्यावर माझी फुप्फुसं काढून समितीच्या टेबलावर ठेवायची, असं मी बाईंकडून कबूल करून घेतलंय. आत सिमेंट आहे, काच आहे, सगळं दिसतं म्हणाल्या. तुझ्या बायकोचं बोलणंही त्यांच्या कानावर घातलंय. आणि ही फुप्फुसं कुणाची, हे ओळखीच्या माणसाला सर्वांसमोर सांगावं लागेल. मला सख्खं कोण आहे? तुझंच नाव दिलंय. ये, आणि मोठ्याने सांग.

तुझीच,
ताई