आईंचा रिमोट

दीपिकाताई,

हे पाठवणार नाही, म्हणून खरं लिहिते.

दुखणं कमी व्हावं म्हणून आईंच्या पाठीत बसवलेल्या मशीनचा रिमोट माझ्याकडे असतो. करंट वाढवला, तर छातीतला पेसमेकर त्यालाच हृदयाचे ठोके समजेल आणि गप्प बसेल, अशी डॉक्टरांना भीती होती. काल परळला त्यांनी दोन्ही मशीन एकत्र चालवून पाहिली. मला आत बोलावून म्हणाले, "धोका नाही. हवा तेवढा वाढवा."

आईंना मी उलटंच सांगितलं.

माझ्या सिझेरियननंतर दुखण्यावरच्या गोळ्या कपाटात कुलपात ठेवून त्या म्हणाल्या होत्या, "सोसूक शिक." तुम्ही हसला होतात.

आज कण्हत त्यांनी माझा हात धरला. "सीमा, तू आसस म्हणान मी जिती आसंय गो."

तुमची गुणी वहिनी,
सीमा