उरलेली तीस टक्के वीज

३ तारीख, सोमवार
नवी वही, नवी नोकरी, नवं गाव! खिडकीतून घुमट दिसतो: वीस हजार माणसं बसतील एवढा, बाहेरून नखशिखांत दिव्यांनी मढवलेला. तो किती वीज खातो ते मोजायचं काम माझं. आमचे हे म्हणाले, बकासुराच्या पंगतीत वाढपी म्हणून लागलीस. आमची भिंगरी आठ वर्षांची, एका जागी बसेल तर शपथ. कर्मचाऱ्यांच्या मुलांना आतल्या महाकाय पडद्यावरचे खेळ फुकट असतात हे कळल्यापासून तिचे पाय जमिनीवर नाहीत.

६ तारीख, गुरुवार
जाहिरातीत लिहिलंय, सगळी वीज उन्हाची. माळावरची सौर पॅनेलं मी जातीने तपासली. भर उन्हात गरजेच्या सत्तर टक्के देतात. बाहेरची वीज घेतच नाहीत, तशी जोडणीच नाही. मग उरलेली तीस कुठून येते? विजेच्या खोलीतले जुने मिस्त्री, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, ते म्हणाले, बाई, खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत. मी हसले. मोजण्याचाच तर पगार मिळतो मला!

११ तारीख, मंगळवार
त्या तीस टक्क्यांच्या केबलचा माग काढला. ती प्रेक्षकांच्या आठ विभागांत, खुर्च्यांखाली जाते. खुर्च्या हलतात, त्यांना वीज लागणारच. पण मीटर उलटा फिरतोय. वीज खुर्च्यांकडे जात नाही, खुर्च्यांकडून येते.
दुपारचा खेळ सुटताना दाराशी उभी राहिले. लोक खूश होते, पण आजारातून उठल्यासारखे चालत होते. एका बाईचा हात लागला. गारठलेला.

१४ तारीख, शुक्रवार
तीन दिवस आभाळ भरलंय. सत्तरचे तीस झाले, तरी घुमट तेवढाच झगमगतो. भिंगरी परवा खेळ पाहून आली ती न जेवताच झोपली. आज दिवसभर नुसती बसून आहे. हात गार. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, हवापालट. मला भीती वाटतेय.

१७ तारीख, सोमवार
उस्तादांनी कबूल केलं. वीज माणसांच्या उबेतून ओढतात. सहा वर्षांत ते स्वतः एकदाही आत बसले नाहीत, नातवंडांनाही बसू दिलं नाही. मी तोंडाला येईल ते बोलले.
विभाग बंद करता येतात, पण एक तरी चालू हवा, नाहीतर आठही आपोआप जोडले जातात. उद्या पाचव्या विभागाचं एकही तिकीट गेलेलं नाही. तो सोडून सात बंद करते. रिकाम्या खुर्च्यांतून काय ओढायचं ते ओढू दे.

१८ तारीख, दुपार
सात बंद. दिवे मंदावायला हवे होते —
मंदावले नाहीत.
ह्यांचा फोन. भिंगरीच्या शाळेला आयत्या वेळी बोलावलं, पडद्यावर प्रेक्षकही दाखवतात, निदान पुढची रांग रिकामी दिसू नये म्हणून. पाचवा विभाग.
सात बंद म्हणजे सगळा भार उरलेल्या एकावर — शिकाऊ वायरमनलाही कळतं. मला नाही सुचलं.

तीच दुपार
बंद केलेले विभाग चालू खेळात जोडता येत नाहीत, चालू असलेला बंदही करता येत नाही. खेळ थांबवायचं बटण कुणी बसवलंच नाही. खुर्चीची मांडीवर पडणारी दांडी खेळ संपल्याशिवाय सुटत नाही. धावत आत गेले. चाळीस मुलं. एकही हलत नाही. भिंगरी मला पाहून हसली. ओठ निळे.
तिच्या शेजारी बसले. दांडी पडली. उस्तादही आले, पलीकडच्या दोन मुलांमध्ये बसले.
मोठ्या माणसात ऊब जास्त. भार वाटला जाईल — ह्या वेळी चुकले नाही —
अहो, तिला घरी नेलं की आधी गरम पाण्यात पाय —
तिचा हात जरा कोमट. माझ्याने पेन धर —
कोमटच आहे. नक्की. अजून पस्तीस मिनि